बाळू पालवणकर आपले की परके?

मागच्या रविवारी पिंपरीच्या विहारात पोरांना विचारलं, बाळू पालवणकर कोण? आठवडाभर चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबून सुट्टीला टेनिस बॉल खेळणारी ही पोरं. कुणालाच सांगता येईना. एकाने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाला, "सर, हा तर बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता!"

हो, होता. पण आधी खेळाचं बोलू.

चर्मकार समाजातले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचे. ग्रेग नावाचा साहेब त्यांच्याकडून तासन्‌तास सरावाची गोलंदाजी करून घ्यायचा, बाद केला की आठ आणे द्यायचा. पण बाळूंच्या हाती बॅट कधी दिली नाही. गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतलं, तर चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण हाताळायचे, त्याचा विटाळ नव्हता!

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद काही मिळालं नाही. १९२० साली या अन्यायावरून त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतलं, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार केलं. १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. गुणवत्ता असली की जात आड येत नाही, असं ऐकवणाऱ्यांना ही सालं जरूर ऐकवा.

आता राजकारण. पुणे कराराच्या वेळी बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होते, करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. ज्यांनी त्यांना वेगळ्या भांड्यात चहा पाजला, त्यांच्यावरच बाळूंनी विश्वास टाकला, हे आम्हाला पटत नाही. काँग्रेसने त्यांना वापरून घेतलं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण म्हणून ते ११४ बळी पुसून टाकायचे का?

त्या पोराला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने सत्कार केला होता. इतिहासकार रामचंद्र गुहा लिहितात, त्या सत्काराचं मानपत्र तयार केलं होतं तरुण भीमराव आंबेडकरांनी.