गुन्हा रजिस्टर ते संगणकजाल : मोहोळच्या निमित्ताने तालुका ठाण्याच्या दप्तराचा विचार

मोहोळ हे सोलापूरच्या वायव्येस पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आणि दौंड-सोलापूर लोहमार्गावर वसलेले तालुक्याचे गाव. पंढरपुरास जाणारा एक रस्ता येथूनच फुटतो. तालुक्यात ऊस आहे, टाकळी सिकंदर येथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे, आणि गळिताच्या हंगामात परगावचे तोडणी कामगार, बैलगाड्या व मालमोटारी ह्यांची वर्दळ असते. अशा ठिकाणच्या पोलीस ठाण्यात येणाऱ्या प्रकरणांत फिर्यादी, आरोपी किंवा मुद्देमाल ह्यांपैकी काही ना काही परहद्दीतील असण्याचा संभव अधिक. एका ठाण्यास दुसऱ्या ठाण्याचे दप्तर दिसावे, ही गरज हमरस्त्यावरील ठाण्यास इतरांहून अगोदर जाणवणारी आहे. सोलापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अधिकाराखालील मोहोळ ठाणे ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील शेकडो तालुका ठाण्यांचे प्रतिनिधी मानावयास हरकत नाही.

ही गरज भागविण्यासाठी केंद्र सरकारने जी योजना आखली, ती ‘गुन्हे व गुन्हेगार माग जाल व यंत्रणा’ होय. ठाण्यांतून ती सीसीटीएनएस ह्या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. संगणक आला आणि जुने दप्तर गेले, असा तिच्याविषयी सर्वसाधारण समज आहे. दप्तराचा इतिहास पाहता तो टिकत नाही. दप्तराचा साचा बव्हंशी कायम राहिला. बदलला तो दप्तराचा धनी.

प्रथम जुन्या साच्याचा विचार करू जाता असे दिसते, की १८६१चा अखिल भारतीय पोलीस कायदा मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांस लागू नव्हता. येथील व्यवस्था १८६७च्या व नंतर १८९०च्या जिल्हा पोलीस कायद्यान्वये, आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यान्वये चालली. गावचा पोलीस पाटील १८६७च्या ग्रामपोलीस कायद्याने ह्या व्यवस्थेस जोडला गेला, व १९६७च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने तो संबंध कायम राहिला. गावात गुन्हा घडला, की पाटलाने ठाण्यास वर्दी द्यावयाची, ठाणे अंमलदाराने ती स्टेशन डायरीत नोंदवावयाची आणि गुन्हा दखलपात्र असल्यास फिर्याद लिहून घेऊन गुन्हा रजिस्टरास क्रमांक पाडावयाचा, असा हा क्रम होता. ‘गु.र.नं.’ ही तीन अक्षरे महाराष्ट्रातील फौजदारी दप्तराची जणू नाममुद्राच ठरली. मुंबई राज्याची एक खास वहिवाटही होती. दंडसंहितेखालील गुन्ह्यांच्या क्रमांकामागे रोमन एक, विशेष व स्थानिक कायद्यांखालील गुन्ह्यांमागे रोमन दोन, आणि दारूबंदीच्या गुन्ह्यांमागे रोमन तीन असे आकडे घातले जात. दारूबंदीस स्वतंत्र मालिका द्यावी लागली, ह्यात त्या धोरणाचा आणि त्याच्या फलिताचाही इतिहास साठवला आहे.

बांधीव वहीची सत्यता तिच्या बांधणीत असे. पाने क्रमांकित, नोंदी सलग, दोन नोंदींत जागा सोडावयाची नाही. मागाहून नोंद घुसडावयाची झाल्यास अक्षर बारीक होई वा ओळ दाटे, आणि बचावाचा वकील नेमके तेथे बोट ठेवी. मात्र ही वही ठाण्याबाहेर जात नसे. वरिष्ठांस साप्ताहिक व मासिक गोषवारा मिळे, शेजारच्या ठाण्यास बिनतारी संदेश किंवा पत्र जाई. माढ्याच्या वहीत काय आहे, हे मोहोळच्या अंमलदारास विचारल्यावाचून कळावयाचे नाही, आणि विचारावे हे सुचावयास तरी आधी संशय यावा लागे.

ह्या उणिवेची दखल केंद्रीय पातळीवर उशिरा घेतली गेली. धर्मवीर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने गुन्हेविषयक माहितीच्या मध्यवर्ती संकलनाचा पुरस्कार केला आणि १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्र स्थापन झाले. १९९०नंतरच्या दशकात त्याने गुन्हे-गुन्हेगार माहिती पद्धती सुरू केली. तिच्याबरोबर आलेले एकात्मिक अन्वेषण नमुने हे ह्या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत टिकाऊ साधन ठरले. नमुने एकूण सात आहेत : प्रथम खबर, गुन्ह्याचा तपशील, अटक, झडती व जप्ती, अंतिम अहवाल, न्यायालयीन निकाल आणि अपिलाचा निकाल. संगणक प्रणाली पुढे दोनदा बदलली, पण हे सात नमुने राहिले.

पहिला बदल २००४-०५च्या सुमाराचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने लिनक्सवर चालणारी ‘सीपा’ ही प्रणाली सिद्ध केली. तीत ठाण्याचे अंतर्गत काम संगणकावर यावे अशी योजना होती; ठाणी एकमेकांस जोडण्याची सोय मूळ कल्पनेतच नव्हती. थोडक्यात, ही बंद खोलीतील संगणकीय वही होती. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग त्या वर्षांत तासन्‌तास वीज-कपातीखाली असे, हेही विसरता कामा नये.

दुसरा व मोठा बदल मुंबईवरील नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतरचा. पी. चिदंबरम गृहमंत्री असताना, १९ जून २००९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने सीसीटीएनएस योजनेस २,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. देशातील सुमारे १४,००० ठाणी व सुमारे ६,००० वरिष्ठ कार्यालये जोडावयाची, आणि मागील सुमारे दहा वर्षांच्या नोंदी संगणकात उतरवावयाच्या, अशी ती कल्पना होती. मूळ प्रणाली विप्रो कंपनीने राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्रासाठी तयार केली व राज्यांनी ती आपल्या गरजेनुसार बदलून घ्यावयाची असे ठरले. ४ जानेवारी २०१३ रोजी ह्या योजनेच्या प्रायोगिक टप्प्याचे उद्घाटन झाले, ते तत्कालीन गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे ह्यांच्या हस्ते. शिंदे मूळचे सोलापूरचे. तेथील न्यायालयात नोकरी करून पुढे ते महाराष्ट्र पोलिसांत उपनिरीक्षक झाले होते. ठाण्याच्या दप्तराची आतून ओळख असलेला गृहमंत्री ह्या समारंभास लाभला, हा योगायोगच म्हणावयाचा. महाराष्ट्रात २०१५ साली ही यंत्रणा राज्यभर सुरू झाली. तिची सूत्रे पुण्याच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे राहिली.

ह्या यंत्रणेतून निघालेल्या प्रथम खबर अहवालाची प्रत वाचणे इतिहासाभ्यासकास उद्बोधक होईल. शीर्षके इंग्रजी व मराठी अशी दुहेरी, मजकूर मराठीत. पोलीस ठाणे, वर्ष, प्रथम खबर क्रमांक, मग रोजनाम्याच्या नोंदीचा क्रमांक व वेळ. गुन्ह्याच्या जागेसंबंधी ‘ठाण्यापासून दिशा व अंतर’ हा रकाना अद्याप आहे. घोड्यावरून तपासास निघणाऱ्या फौजदाराच्या काळी ज्याचा अर्थ उघड होता, तो हा प्रश्न नरखेडच्या किंवा पेनूरच्या फिर्यादीसंबंधी आज संगणक विचारतो. संशयिताच्या वर्णनाची पुरवणीही तशीच : बांधा, उंची, वर्ण, दात, केस, डोळे, सवयी, पोशाख, बोली, भाजल्याची खूण, तीळ, व्रण, गोंदण. हे जुन्या हुलियापत्रकाचेच विस्तारित रूप होय. रोमन आकड्यांच्या वेगळ्या मालिकांस मात्र केंद्रीय नमुन्यात जागा नव्हती, तेथे सलग एकच क्रमांक. तरीही न्यायालयीन कागदांत जुनी रीत यंत्रणा आल्यावर काही वर्षे आढळते. वहिवाट नमुन्याहून सावकाश मरते.

ह्या अहवालातील आठवा रकाना विशेष लक्ष देण्याजोगा आहे. फिर्याद देण्यास फिर्यादीने विलंब केला असल्यास त्याची कारणे तेथे द्यावयाची असतात. फिर्याद नोंदवून घेण्यास ठाण्याने विलंब केला असल्यास त्याची कारणे विचारणारा रकाना अहवालात नाही. गुन्हा दडपणे किंवा सौम्य करून लिहिणे हा दोष पोलीस आयोगानेही मान्य केलेला, जुनाच. यंत्रणेत नोंदीची वेळ आपोआप उमटते, त्यामुळे नोंद झाल्यानंतरची फिरवाफिरव अवघड झाली, हा लाभ खरा व मोठा आहे. परंतु फिर्यादी ठाण्याच्या पायरीवर आला, ही वेळ कोणतेही यंत्र टिपत नाही. तो आल्यापासून कळ दाबेपर्यंतचा काळ पूर्वी अंमलदाराच्या हाती होता व आजही त्याच्याच हाती आहे. बांधीव वहीतील दाटलेली ओळ वकिलाच्या नजरेस पडे. न दाबलेली कळ कोणाच्याच नजरेस पडत नाही.

धनी बदलल्याचे सांगितले, ते असे. पूर्वी वही ठाण्याची, गोषवारा वरिष्ठांचा. आता नोंद होताच ती पुण्यास व दिल्लीस दिसू शकते, आणि ७ सप्टेंबर २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर लोकांसही. यूथ बार असोसिएशनच्या त्या प्रकरणात न्यायालयाने प्रथम खबर अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. दुर्गम भागासाठी ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढविता येईल अशी सवलत ठेवली, आणि लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळली. अहवाल प्रसिद्ध न करण्याचा निर्णय उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने घेऊ नये, असेही बजावले. आरोपीस आपल्यावरील आरोपाची प्रत मिळविण्यासाठी ठाण्यात खेटे घालावे लागत, ते ह्यामुळे टळले. त्याचबरोबर, ज्याच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे, त्याचे नाव गावच्या चावडीपलीकडे जगभर गेले. दोन्ही गोष्टी एकाच आदेशाची फळे आहेत.

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात ह्या विस्ताराकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. १९११चा गुन्हेगार जमाती कायदा मुंबई इलाख्यास लागू झाल्यावर स्टार्ट ह्या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ज्या वसाहती चालल्या, त्यांत सोलापूरची वसाहत प्रमुख होती. तारेच्या कुंपणातील हे लोक सोलापूरच्या गिरण्यांत कामास जात. त्यांच्या नावांची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी व परवाना ह्यांवर सारा कारभार उभा होता. माणसाने काही केले म्हणून नव्हे, तर तो अमुक जातीत जन्मला म्हणून त्याचे नाव वहीत चढे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. परंतु १९५९च्या मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियमाने नोंदणीची पद्धत दुसऱ्या नावाने राहिली, आणि ठाण्याच्या इतिहासपत्रकांत जुन्या संशयाचे अवशेष राहण्यास वाव मिळाला. वहीतील असा संशय एका हद्दीपुरता असे. अंमलदार बदलला, माणूस परगावी गेला, की तो विरे. जालातील नोंद माणसाच्या पुढे चालते. २०२२ मध्ये कार्यान्वित झालेल्या राष्ट्रीय ठसे प्रणालीत तर ठशांबरोबर दहा अंकी कायम क्रमांकच दिला जातो.

ही भीती केवळ अभ्यासकांची नव्हे. ७ मे २०२४च्या अमानतुल्ला खान प्रकरणातील निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, मागास व वंचित समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे इतिहासपत्रकांत यांत्रिकपणे चढविली जाऊ नयेत, म्हणून सर्व राज्यांनी आपल्या धोरणाचा फेरविचार करावा असे सांगितले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. कागदी वहीतील रकाना रेघ मारून काढता येतो. संगणकात एकदा उतरून इतर यंत्रणांशी जोडली गेलेली नोंद किती ठिकाणांहून काढावयाची, हा प्रश्न न्यायालये, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा व ठाणी परस्परांस जोडणाऱ्या योजनेमुळे अधिकच अवघड होणार आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यास २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. तिच्या १७३व्या कलमान्वये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने खबर घ्यावयाची आहे. रात्रीच्या गाडीत वा हमरस्त्यावर लुटल्या गेलेल्या प्रवाशास ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर मोहोळच्या ठाण्यास आता देता येणार नाही. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र ती देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही केली तरच ती अभिलेखावर घेतली जाते. नरखेडच्या शेतकऱ्याने रात्री भ्रमणध्वनीवरून फिर्याद धाडली, तरी सहीसाठी त्यास बहुधा मोहोळची वाट धरावीच लागेल, आणि अहवालात ठाण्यापासूनची दिशा व अंतर भरावयाचे राहीलच.