आजीबाईचा बटवा: घरगुती औषधांची परंपरा

महाराष्ट्रात घरगुती औषधांचा संग्रह ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून ओळखला जातो. सुंठ, ओवा, हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, जायफळ, मायफळ ही त्यातली नेहमीची औषधे. काही स्वयंपाकघरातच असत, काही काष्ठौषधींच्या दुकानातून आणली जात. तुळस, अडुळसा, गवती चहा, कोरफड परसात मिळे. सर्दीला आले-तुळशीचा काढा, पोटदुखीला ओवा, मुरगळलेल्या पायाला हळदीचा गरम लेप असे उपचार घरोघरी होत.

या परंपरेतले सर्वांत बारकाईचे काम म्हणजे बाळगुटी. सहाणेवर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात एकेक औषध उगाळले जाई. मात्रा वेढ्यांत मोजत. तान्ह्या बाळाला प्रत्येकाचा एक वेढा, पुढे वाढत्या वयाप्रमाणे अधिक. पोट फुगले तर मुरुडशेंगेचा वेढा वाढवायचा, शौचाला खडा होत असेल तर हिरड्याचा, जुलाब होत असतील तर मायफळाचा. हे तारतम्य सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे पाहून-पाहून येत असे. ते लिहून ठेवण्याची रीत नव्हती.

वैद्यांची विद्या मात्र संस्कृत ग्रंथांत होती. 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. पण संस्कृत न जाणणाऱ्या घरांपर्यंत असे ग्रंथ थेट पोहोचत नसत.

पश्चिम किनाऱ्यावरच्या औषधींची छापील नोंद पोर्तुगीज काळात सुरू झाली. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करीत असे. 1563 मध्ये त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यात छापला गेला. आले, हळद, वेखंड, हिरडा ही बटव्यातली द्रव्ये त्यात आहेत. पुढे 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’चे 12 खंड निघाले. ते मलबारातल्या वनस्पतींविषयी असले, तरी त्यांच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या कोकणी वैद्यांचा वाटा होता. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी 1879 मध्ये मुंबईत मिळणाऱ्या औषधींची सूची प्रसिद्ध केली. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्यांतही ते होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘वनौषधि गुणादर्श’ने वनस्पतींचे गुणधर्म मराठीत आणले. 1927 मध्ये डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ आला. याच काळात तयार औषधांचे कारखानेही वाढले; पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना 1872 पासूनचा. काढे, चूर्णे आणि गुट्या बाटलीत मिळू लागल्या, तशी घरातली सहाण मागे पडत गेली.

लिखित नोंदीचे मोल 1995 मध्ये कळून आले. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. महासंचालक होते मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. हा वापर जुनाच असल्याचे दाखवणारे 32 संदर्भ, काही शंभर वर्षांहून जुने, परिषदेने सादर केले आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झाले. घरोघरी जखमेवर हळद दाबत आले, हे सर्वश्रुत असले तरी तिथे उपयोगी पडले ते छापील पुरावे. त्यानंतर 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले.

आज बटव्यातले सगळेच जसेच्या तसे चालत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून तान्ह्या बाळाची गुटी डॉक्टर थांबवायला लावतात. लांबलेला ताप, सततचे जुलाब किंवा धाप लागणे यांवर घरगुती औषधात वेळ घालवणे धोक्याचे आहे. साधी सर्दी, खोकला, अपचन यांसाठी मात्र सुंठ, ओवा, तुळस आणि हळद मराठी घरांत अजूनही वापरात आहेत.