उकिरडा कुणाच्या दारात?

1927 साल म्हटले की आम्हाला महाड आठवते. 20 मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी मुंबईत देवनारचे डंपिंग ग्राउंड सुरू झाले. हा योगायोग आहे हे आम्हाला मान्य आहे. पण पाणी कुणाचे आणि घाण कुणाची, हे दोन्ही प्रश्न या देशात जातीनेच सोडवले गेले, म्हणून ते एकत्र वाचले पाहिजेत.

गावगाड्यात मेलेले जनावर ओढायचे कुणी, हे जन्माने ठरले होते. घाण करणारा गावात आणि ती उचलणारा गावकुसाबाहेर! महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्ट्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असे बजावले. लोकांनी ऐकले आणि गावोगावी बहिष्कार सोसला. 1928 साली बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. वतन कायद्याने जायला मात्र 1958 उजाडले.

शहराने वेगळे काय केले? 1896 च्या प्लेगनंतर मुंबईला स्वच्छतेची घाई झाली. कचरा शहराबाहेर, चेंबूर-देवनारच्या दलदलीकडे नेण्याचे ठरले. झाडू मात्र दलितांच्याच हातात राहिला. पुढे 1970 च्या दशकात शहरातल्या झोपड्या तोडून माणसांनाही त्याच डंपिंगच्या कडेला आणून टाकले. शिवाजीनगर, बैंगनवाडी अशाच वसल्या. आधी कचरा गेला, मागोमाग दलित आणि मुसलमान गेले. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व वॉर्ड सर्वांत खाली होता. जानेवारी 2016 मध्ये डंपिंगला आग लागली, कित्येक दिवस धूर हटला नाही, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर आधी कुणाच्या लेकरांनी गिळला, हे सांगायला नको.

आजही रात्री डेब्रिजचा टेम्पो रिकामा होतो तो आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावर. टॉवरखाली तो थांबत नाही, कारण तिथून तक्रार जाते आणि तिची दखलही घेतली जाते. काही जण भिंतीवर देवांच्या टाइल्स लावतात. त्याने घाण थांबत नाही, शेजारच्या भिंतीकडे सरकते. भीतीने आलेली स्वच्छता नजर वळली की संपते.

पण मित्रांनो, बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पडलेल्या पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या पहाटे कोण उचलते? कंत्राटावरची आपलीच मावशी, आपलाच भाऊ. आपण टाकायचे आणि 'ते' उचलतील म्हणायचे, हा मनुवाद नाही तर काय? निळा झेंडा खांद्यावर असला म्हणून तो माफ होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा वेगळा करणे ही टाकणाऱ्याची जबाबदारी आहे. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा आहे. हे आपल्या घरापासून सुरू करा आणि टॉवरवाल्यांकडूनही करून घ्या. टेम्पो दिसला की फोटो आणि गाडीचा नंबर घ्या, वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कारवाई झाली नाही तर माहिती अधिकार टाका. एकट्याने गेलात तर टोलवतील. मंडळ म्हणून जा.

आणि सफाई कामगारांच्या लढ्यात उभे राहा. मुंबईतल्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल 2017 साली सुप्रीम कोर्टातून मिळाला, तो वर्षानुवर्षांच्या संघटित झुंजीतून. हातमोजे, गमबूट, पगारी रजा हे हक्क आहेत, कुणाचे उपकार नव्हेत.

महाडला आपण पाण्यावरचा हक्क सांगितला. आता आपल्या दारातला दुसऱ्याचा उकिरडा नाकारायचा आहे, आणि आपला कचरा दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचाही नाही.

जय भीम!