पुनर्रचनाक्षम हार्डवेअर आणि चिपचा आद्यनमुना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सॉफ्टवेअरमधील चूक नंतरही दुरुस्त करता येते. सिलिकॉनमध्ये उतरलेली चूक सुधारण्यासाठी मात्र बहुधा नवे मास्क तयार करून चिप पुन्हा घडवावी लागते. त्यात अनेक महिने आणि मोठा खर्च जातो. म्हणूनच उत्पादनापूर्वी आराखडा पारखण्याच्या साधनांना विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात पुनर्रचनाक्षम हार्डवेअरवर आद्यनमुना तयार करण्याच्या पद्धतीचा विकास व तिच्या मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

उगम व विकास :
स्थिर भागाला परिवर्तनीय भागाची जोड असलेल्या संगणकाची कल्पना जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये मांडली. रॉस फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये झायलिंक्स ही कंपनी स्थापन केली आणि १९८५ मध्ये तिची एक्ससी २०६४ ही एफपीजीए चिप बाजारात आली. तिच्यात ६४ तर्कखंड होते. त्यांची रचना व जोडणी स्मृतिपेशींत साठविली जात असल्याने तीच चिप पुनःपुन्हा नव्या आराखड्यासाठी वापरता येई. पुढे क्विकटर्न या कंपनीने अशा अनेक चिप एकत्र जोडून संपूर्ण प्रोसेसरची प्रतिकृती उभी करणारी यंत्रे तयार केली. परिणामी, प्रत्यक्ष चिप हाती येण्यापूर्वीच तिच्यावरील सॉफ्टवेअर तपासणे शक्य झाले. हार्डवेअर व सॉफ्टवेअर एकत्रच घडविल्या जाणाऱ्या अंतःस्थापित प्रणालींसाठी ही सोय मोलाची ठरली.

पेंटियमचे उदाहरण :
इंटेलने पेंटियमचा आराखडा अशाच यंत्रांवर पारखला होता. १९९३ मध्ये ही चिप बाजारात आली. तथापि १९९४ मध्ये अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जोडमूळ संख्यांच्या गुणाकार व्यस्तांवर काम करताना तिच्या भागाकारात चूक आढळली. भागाकारासाठी वापरलेल्या कोष्टकातील काही नोंदी सुटल्या होत्या. इंटेलच्या मते अशी चूक सरासरी ९ अब्ज भागाकारांत एकदा संभवत होती. तरीही कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला.

आद्यनमुना हा आराखड्याचीच प्रतिकृती असतो. त्यामुळे आराखड्यातील चूक त्यातही जशीच्या तशी उतरते आणि नेमकी ती संख्या दिल्याखेरीज प्रकट होत नाही. शिवाय ही यंत्रे मूळ चिपपेक्षा कितीतरी मंद असल्याने तपासल्या जाणाऱ्या संख्यांनाही मर्यादा पडते. या घटनेनंतर अंकगणिती भागांच्या गणिती सिद्धतेकडे अधिक लक्ष दिले गेले.

समारोप :
जलद आद्यनमुन्याने चूक शोधण्याचा काळ अलीकडे आणला. तर्कशुद्ध पडताळणीची गरज मात्र संपविली नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही एफपीजीए बोर्डवर आराखडा चालला, एवढ्यावर प्रयोग पूर्ण मानणे अपुरे ठरते. कोणत्या संख्यांवर तो तपासला आणि त्याच का निवडल्या, याचे उत्तरही विद्यार्थ्याकडून अपेक्षित असावे.