बाण कोन हालवून रायलं?

राळेगावात कॉम्प्युटर दुरुस्तीला आणणारा माणूस बिघाडाचं नाव सांगत नाही, गाऱ्हाणं सांगतो. चालू होत नाही. लय आवाज करते. आणि मी या धंद्यात पडल्यापासून दर हंगामात ऐकत आलोय ते हे: ‘भाऊ, बाण आपल्या मनानं फिरून रायला.’ बाण म्हणजे पडद्यावरचा पॉइंटर. आपल्या मनानं तो कधीच फिरत नाही, त्याला फिरवणारं काहीतरी असतंच. आमच्याकडे ते बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या बाहेर, गावातच सापडलं आहे. कधी कापसात, कधी काट्यावर, कधी जमिनीत.

वर्धा नदीच्या अलीकडचा हा तालुका कापसाचा. १९७२ साली सुरू झालेली राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना ढिली पडली, खासगी खरेदी वाढली आणि जिनिंगच्या ऑफिसांत वह्यांच्या शेजारी कॉम्प्युटर येऊन बसले. मी तेव्हा पोरगा होतो. नागपूरहून एसटीनं वडकीला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीनं राळेगाव, आणि पिशवीत कीबोर्ड, माउस, एखादी हार्डडिस्क. तेव्हाचा माउस गोळीचा. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस केला तो लाकडी होता, खाली काटकोनात दोन चाकं. एंगेलबार्टनं ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे चालवून दाखवला. पुढे बिल इंग्लिशनंच झेरॉक्स कंपनीत चाकांच्या जागी गोळी घातली. त्या मंडळींनी पुष्कळ विचार केला असेल, पण दिवाळी ते होळी जिनाच्या आवारात हवेत काय उडत असतं, ते त्यांना कोण सांगणार?

रुईचे तंतू डोळ्यांनी दिसत नाहीत, नाकाला कळतात. टेबलावर ते बसतात, गोळी ते गोळा करते आणि आतल्या रुळांवर नेऊन गुंडाळते. माउस उलटा करायचा, खालची चकती अंगठ्यानं फिरवायची, गोळी तळहातावर घ्यायची. आत तीन रूळ. दोघांच्या टोकाला फटी असलेली बारीक चाकं, त्या फटींतून अदृश्य प्रकाश आरपार जातो आणि जितक्या वेळा तुटतो तितका बाण सरकतो. तिसऱ्या रुळाला स्प्रिंग असते, गोळी दाबून धरायला. रुळांच्या मधोमध काळा, चिकट पट्टा बसलेला असायचा. नखानं खरवडला की आतून पांढरा धागा निघे, अगदी चातीवर कातल्यासारखा. कापसाच्या गावात माउस सूत काढायचा, दुसरं काय! स्पिरिटचा बोळा फिरवला की काम झालं. आवारात गाठी बांधायचा प्रेस चालू असला तर मात्र रूळ साफ असूनही बाण जागच्या जागी थरथरायचा, कारण टेबलच थरथरायचं. तिथं मी पैसे घेतले नाहीत. टेबल भिंतीपासून सरकवलं.

खरं भूत काट्यावर होतं. ट्रक आणि मेटाडोर मोजायचा मोठा वजनकाटा कॉम्प्युटरला जोडायची पद्धत आली तेव्हाची ही गोष्ट. भरलेलं वजन, रिकामं वजन आपोआप नोंदलं जाई आणि पावती छापून निघे. मोठी सोय झाली. पण एका जिनात सकाळी मशीन चालू केलं की बाण कोपऱ्याकडे धाव घ्यायचा, तिथून उसळी मारायचा, मेनू उघडायचा, नको तिथं क्लिक करायचा. माउस काढून घेतला तरी थांबेना. बंडीवाले खिडकीतून डोकावून बघत. कोणी म्हणे, ‘कोन हालवून रायलं बे हे?’ मुनीमजी देवभोळे. यंत्राला हळदकुंकू दसऱ्याला लागतंच, त्या वर्षी मधल्या एका मंगळवारी नारळही फुटला. व्हायरस म्हणून मी विंडोज नव्यानं टाकलं. तरी तेच.

एक दिवस बाण चालू असताना बाहेर ट्रक काट्यावर चढला आणि पडद्यावरच्या उड्यांची तऱ्हाच बदलली. ट्रक उतरला, पुन्हा आधीच्या उड्या. मुनीमजींच्या हे लक्षात आलं, माझ्या नव्हे. मी मागची नऊ पिनांची वायर उपटली आणि बाण गपकन थांबला.

कारण समजलं तेव्हा हसू आलं. जुने माउस त्याच नऊ पिनांच्या सीरियल पोर्टवर लागायचे. म्हणून विंडोज चालू होताना त्या पोर्टवर कोणी बोलतंय का ते चाचपून बघे. काट्याचा डिस्प्ले तर अखंड बोलणारा. काट्यावर काही नसलं तरी सेकंदाला कितीतरी वेळा आकडा पाठवत राहतो. विंडोजला वाटे, माउस आला. मग क्विंटल-किलो म्हणजे हाताची हालचाल! हार्डवेअरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ असं नाव दिसे. बॉलपॉइंट हे मायक्रोसॉफ्टच्या लॅपटॉपला लावायच्या एका जुन्या गोळीवाल्या यंत्राचं नाव. ते या गावात कोणी पाहिलंही नव्हतं. ते यादीतून काढून टाकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. काढायचं नसतं, तिथंच निकामी करून ठेवायचं असतं, हे उशिरा कळलं. तोवर भिंतीला चिठ्ठी लावली होती: आधी वायर काढा, मग मशीन चालू करा, मग वायर लावा. चिठ्ठी पिवळी पडली तरी नवे दिवाणजी तसंच करत.

जगभर हा त्रास झाला. सीरियल पोर्टवर जीपीएस जोडणाऱ्यांनाही हेच भूत दिसे. पण सरकी सुटायच्या दिवसांत, गेटपाशी वाहनांची रांग लागलेली असताना ते अंगावर येतं तेव्हा त्याचा ताप निराळा.

२००१ मध्ये एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली, तिचे एमएस-सीआयटीचे कॉम्प्युटर वर्ग तालुक्या-तालुक्याला उघडले. त्या काळाचं सांगण्यासारखं एवढंच, की माउस फार बिघडत नव्हते, पोरं गोळ्या चोरत होती. मायक्रोसॉफ्टचा १९९९ चा लाल उजेडाचा माउस आणि त्याच्या स्वस्त नकला इथवर पोचल्या आणि ती चोरी बंद पडली. गोळीच्या जागी आता इवलासा कॅमेरा. तो सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि एका फोटोशी दुसरा ताडून माउस किती सरकला ते ठरवतो. कापसानं इथंही पाठ सोडली नाही. खालच्या भोकात एक तंतू अडकला आणि वर पंखा चालू असला, की तंतू हलतो आणि कॅमेऱ्याला वाटतं टेबलच हललं. सरकारी टेबलांचा वेगळा त्रास. काचेखाली देवाचे फोटो आणि कॅलेंडर, वर माउस. काचेवर त्याला धड काही दिसत नाही. पेपरची घडी खाली ठेवली की निकाल.

मग लॅपटॉप आले. ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रांत, आणि माउसच गेला. टचपॅडवर बोट ठेवलं की बाण नाचतो ही तक्रार मला उन्हाळ्यात जास्त येते. टचपॅड बोटामुळे पडणारा बारीक विद्युत फरक मोजतं. चार्जरच्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग मिळालं नाही, की गळतीचा करंट बॉडीत येतो आणि मोजमाप चुकतं. चार्जर काढून बॅटरीवर बघायचं. बाण सुतासारखा सरळ आला तर दोष लॅपटॉपचा नाही. मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते. आमची काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते. पावसाळ्यात तक्रार आपोआप मिटते. एकदा उन्हाळ्यात सरकारी अर्ज भरताना केंद्रांसमोर रांगा, अंगठे उमटत नव्हते, साइट उघडत नव्हती, आणि त्यात हा बाण. एका केंद्रावर मी फक्त दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं. ‘कॉम्प्युटर बिघडला तं जमिनीत पाणी टाकून रायला हा,’ असं म्हणत लोक बघत होते.

आता मात्र फिरवणारं माणूसही असतं. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून, परवानगी मिळाली की, लांबचा कोणीही तुमचं मशीन चालवू शकतो. माझीही निम्मी कामं मी तशीच करतो, झाडगावला चक्कर मारावी लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं याच वाटेनं होणाऱ्या फसवणुकीचा इशारा दिला होता. त्यामुळे हल्ली फोन आला की मी आधी विचारतो, बाण जातो कुठं? कचरा असेल तर तो थरथरतो, अर्थिंग नसेल तर उड्या मारतो, काटा असेल तर कोपऱ्यात पळतो. माणूस असेल तर बाण थांबतो, वाचतो आणि नेमक्या बटणावर जातो.

परवा एका पोराचा फोन आला. वडिलांना कोणीतरी केवायसीच्या नावाखाली अ‍ॅप टाकायला लावलं होतं. ‘काका, बाण पासबुकाच्या पानावर गेला.’ मी म्हटलं, माउसले हात नको लावू, आधी राउटरची वायर काढ, मंग बँकेत फोन कर, मंग सायबरवाल्यांच्या १९३० ले.