मित्सुकोशी, निहोनबाशी

जपानची राजधानी टोकियो येथील निहोनबाशी भागातील ऐतिहासिक डिपार्टमेंट स्टोअर. मित्सुकोशी या पेढीचे हे मुख्य दुकान असून इमारत आजही रोजच्या विक्रीसाठी वापरात आहे.

पेढीचे मूळ मित्सुई ताकातोशी याने १६७३ मध्ये एदो (आजचे टोकियो) येथे काढलेल्या ‘एचिगोया’ या कापडाच्या दुकानात आहे. त्या काळी मोठे कापडवाले माल घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जात, उधारीवर विकत आणि माणूस पाहून भाव सांगत. मित्सुईने दुकानातच, रोखीने आणि सर्वांना एकाच भावाने विक्री सुरू केली. पूर्ण ठाण परवडत नसेल त्याला हवे तेवढे कापड फाडून मिळे. सामान्य माणूस या दुकानाची पायरी चढला तो त्यामुळेच. इमारतीच्या भव्यतेपेक्षा हा व्यवहार मोठा मानावा लागेल. १९०४ मध्ये पेढीने डिपार्टमेंट स्टोअरचे रूप घेतले.

सध्याच्या इमारतीचा आरंभ १९१४ चा. १९२३ च्या महाभूकंपात व त्यानंतरच्या आगीत तिची मोठी हानी झाली. दुरुस्ती आणि विस्तार होत १९३५ मध्ये तिला आजचे रूप आले. प्रवेशद्वारी ब्राँझचे दोन सिंह बसले आहेत. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील सिंहांवरून ते घडवले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ते धातूसाठी सरकारजमा झाले होते. मात्र वितळवले न गेल्याने १९४६ मध्ये परत जागेवर आले.

आत पाच मजले उंच मध्यवर्ती दालन आहे. तेथे सातो गेनगेन या शिल्पकाराने घडवलेली, सुमारे ११ मीटर उंचीची रंगीत देवकन्येची लाकडी मूर्ती (१९६०) उभी आहे. सज्जात १९३० चा पाइप ऑर्गन असून तो अजून वाजवला जातो. भिंतींच्या संगमरवरात अ‍ॅमोनाइट या लुप्त सागरी जीवांचे शंखासारखी वेटोळी स्पष्ट दिसतात.

१९३२ मध्ये सुरू झालेले ‘मित्सुकोशीमाए’ हे भुयारी रेल्वेचे स्थानक पेढीच्याच खर्चाने बांधले गेले. २०१६ मध्ये इमारतीला राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता घोषित करण्यात आले, तरी तिचे संग्रहालय झाले नाही, हे फार चांगले झाले. २०१८ मध्ये वास्तुविशारद कुमा केंगो यांनी तळमजल्याची अंतर्गत रचना नव्याने केली. स्थानकातून थेट दुकानाच्या तळघरात जाता येते. पण प्रथमच येणाऱ्याने रस्त्यावर येऊन सिंहांच्या दारानेच आत जावे.