मगरपट्टा नगर

मगरपट्टा नगर : पुण्याच्या पूर्वेस हडपसर परिसरात शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून उभारलेली वसाहत. क्षेत्रफळ सु. ४०० एकर. महापालिकेच्या हद्दीत आलेल्या शेतजमिनीचा आराखडा जमीनधारकांनीच पुढाकार घेऊन करविल्याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

हडपसर १९६० च्या सुमारास पुणे महापालिकेत समाविष्ट झाले, तरी येथील जमीन दीर्घकाळ शेती विभागातच राहिली व तीवर ऊस आणि इतर पिके निघत. १९८२ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात हा भाग भावी नागरीकरणासाठी दाखविण्यात आला आणि प्रश्न उभा राहिला. नागरी जमीन धारणा अधिनियम, १९७६ शेतजमिनीस लागू नव्हता. जमीन नागरी वापराची ठरताच मात्र मर्यादेबाहेरील क्षेत्र शासनाकडे जाण्याचा धोका होता. शिवाय शहरालगतच्या शेतकऱ्याने तुकडा विकावा, पैसा काही वर्षांत खर्च व्हावा आणि त्याच जमिनीवर त्याने परका व्हावे, हा अनुभव आजूबाजूस अनेकांना आलेला होता.

सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली सु. १२० कुटुंबे एकत्र आली. त्यांतील बहुतेक मगर भावकीतील होती. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वाद लक्षात घेता भावकीचे हे एकमत सोपे नसावे. त्यांनी जमीन न विकता कंपनी स्थापन केली आणि प्रत्येकास जमिनीच्या प्रमाणात भाग दिले. मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ खालील योजनांतही भूखंड एकत्र करून त्यांची फेरआखणी होत असे; पण तेथे सूत्रे स्थानिक प्राधिकरणाच्या हाती असत व मालकास अखेर स्वतंत्र भूखंड परत मिळे. येथे बांध कायमचे मोडले. त्यामुळे कोणाच्या शेतात उद्यान येते आणि कोणाच्या शेतात इमारत, याला महत्त्व उरले नाही; रस्ते व मोकळ्या जागा यांची आखणी संपूर्ण क्षेत्र एक धरून करता आली.

शासकीय मंजुऱ्या मिळविण्यात अनेक वर्षे गेली. बांधकाम २००० मध्ये सुरू झाले. निवासी इमारतींबरोबर माहिती तंत्रज्ञान संकुल, शाळा, रुग्णालय व मध्यवर्ती उद्यान यांची योजना होती. संकुलातील जागा भाड्याने दिल्याने कायम उत्पन्नाची सोय झाली. शेतकरी कुटुंबांतील अनेक तरुणांनी माती खोदाई, बांधकाम साहित्याचा पुरवठा इ. कामांची कंत्राटे घेतली.

लोकपुढाकार म्हणून या योजनेचा गौरव होतो, तो जमीनधारकांपुरता खरा आहे. भाग जमिनीवरून ठरल्यामुळे शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुरास त्यात स्थान नव्हते. मोठ्या व लहान खातेदारांतील अंतरही भागांच्या रूपाने कायम राहिले.

पुढे सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गावी सु. ७०० एकरांवर याच पद्धतीने वसाहत उभारण्यात आली. तेथे क्रम उलटा होता. वसाहत आधी झाली आणि गाव पुणे महापालिकेत २०२१ मध्ये आले.